पुडीतला शिशाचा रुपया : एका चाचणी नाण्याचं प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका घरातलं आहे. घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. मी बँकेच्या कॅश काउंटरवर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर नाण्यांच्या नादाला लागलो. ओळखीपाळखीतून लोक नाणी दाखवायला येतात. या प्रकरणात माझीही एक चूक आहे, ती जागेवर येईलच.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळचं खानापूर तालुक्यातलं. विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. सोनारांकडची मोड घ्यायची, मुशीत गाळायची, धातू शुद्ध करून परत द्यायचा. या घरातले आजोबा १९५० च्या सुमाराला मुंबईत झवेरी बाजारात त्याच कामाला होते. त्या काळात चांदीचे जुने रुपये गाळायला पोत्यानं यायचे. त्याला कारण होतं. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ चा रुपया तर सगळा निकेलचाच काढला. मग जुना, ९१.७ टक्के चांदीचा रुपया चलनापेक्षा मुशीतच जास्त किमतीचा ठरला.

आजोबांचं काम मुशीत घालण्याआधी माल निवडायचं. फरशीवर टाकून आवाज ऐकायचा आणि बद्द वाजेल तो बाजूला काढायचा. असे बाजूला पडलेले काही नग त्यांनी जपून ठेवले. प्रत्येकाची वेगळी पुडी करून वर पेन्सिलीनं दोन ओळी लिहायच्या, ही त्यांची सवय. पुढं ते सांगलीला आले, गावभागात घर बांधलं आणि १९९६ मध्ये गेले. पुड्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिल्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा ट्रंक पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. पंचनाम्यासाठी सगळं सामान बाजेवर मांडून फोटो काढले. नाणी धुऊन डब्यात भरली. पुड्यांचे कागद लगदा झाले होते, ते गाळाबरोबर टाकून दिले. त्या दिवसांत कुणी दुसरं काही केलं असतं असं मी म्हणणार नाही. घरात प्यायला पाणी नव्हतं, कागद कोण वाळवत बसतंय?

प्रश्न कसा उभा राहिला

२०२२ च्या दिवाळीत आजोबांची तीन मुलं एकत्र आली. थोरले, धाकटे आणि बहीण, जिला घरात सगळे आत्या म्हणतात. डबा उघडला, वाटणीचा विषय निघाला. त्यात चांदीचे एकोणतीस रुपये आणि दोन विचित्र नग होते.

पहिला नग तांब्याच्या रंगाचा, एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडं वाघ, साल १९४७. नातवानं मोबाईलवर शोधलं. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा असतो. मग हा तांब्याचा म्हणजे टांकसाळीनं चाचणीसाठी पाडलेला, चलनात न आलेला! घरात आकडे सुरू झाले. कुणी पाच लाख म्हणालं, कुणी पंधरा.

दुसऱ्या नगाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. शिशाच्या रंगाची वेडीवाकडी चकती. एका बाजूला मोठा १ चा आकडा, दोन्हीकडं धान्याची कणसं आणि साल. दुसरी बाजू कोरी.

नातवानं दोन्हींचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवले. मी त्या वेळी एका लग्नात जेवायला बसलो होतो. तांब्याच्या नगाला चुंबक लावून बघायला सांगितलं आणि दुसऱ्याबद्दल लिहिलं, "खेळातलं वाटतंय, पोरांनी शिसं ओतून केलेलं. काही नसेल."

तांब्याचा रुपया चुंबकाला टक्कन चिकटला. तांबं चुंबकाला चिकटत नाही, निकेल चिकटतं. म्हणजे आत नेहमीचा निकेलचा रुपया आणि वर कुणीतरी चढवलेला तांब्याचा मुलामा. नंतर वजन केलं तर ११.७ ग्रॅम, मूळ रुपयाच्या ११.६६ ला लागून. पंधरा लाखांचं प्रकरण दहा सेकंदांत संपलं. झवेरी बाजारात मुलामा देणारे हाताशीच होते, कुणीतरी गंमत म्हणून केलं असावं.

घर हिरमुसलं. आणि त्याच हिरमुसलेपणात नातवानं, "काही नसेल" या माझ्या शब्दांवर विसंबून, दुसरी चकती खरंच शिशाची आहे का ते बघायला तिच्यावर चाकूचं टोक ओढलं. शिसंच होतं. चरा खोल गेला.

आठवड्यानं आत्या स्वतः चकती घेऊन माझ्याकडं आल्या. वडिलांना त्या भाऊ म्हणायच्या. म्हणाल्या, "भाऊंनी उगीच नसतं ठेवलं ओ. ते पुडी बांधायचे ती कामाचीच." मी भिंग लावलं आणि साल वाचलं. १९४९.

साल एवढं महत्त्वाचं का

स्वातंत्र्यानंतर तीन वर्षं आपल्याकडं जुनीच नाणी चालत होती, राजाच्या डोक्याची. स्वतंत्र भारताची पहिली स्वतःची नाणी १५ ऑगस्ट १९५० ला आली. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह, रुपयावर वाघाच्या जागी कणसं. चलनातल्या त्या रुपयावर सर्वांत आधीचं साल १९५० आहे. कणसं आणि १९४९ असा रुपया व्यवहारात कधीच आला नाही.

पण नवं नाणं एका रात्रीत निघत नाही. चित्रं ठरतात, नाण्यावर चित्र उठवणारे पोलादी ठसे (त्यांवर चित्र उलटं असतं) कोरले जातात, वेगवेगळ्या धातूंवर उठवून बघतात, कुणी वरिष्ठ नाक मुरडतो, मग परत. या वाटेवर पडलेले नग म्हणजे चाचणी नाणी, संग्राहकांच्या बोलीत पॅटर्न किंवा ट्रायल. १९४९ साल घातलेले असे भारतीय नग लिलावांतून पुढं आलेले आहेत. ठसा कोरणारा कारागीर काम कुठवर आलं ते बघायला मऊ धातूवर एकच बाजू उठवतो. त्यासाठी शिसं सोयीचं, ठशाला इजा होत नाही आणि बारीक रेघही उमटते.

दुर्मीळ नाणं आणि चाचणी नाणं यांत लोक फार गल्लत करतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया, ज्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून सरकारनं मागं घेतला, तो चलनात आलेला होता. दुर्मीळ आहे, चाचणीचा नाही. त्याशिवाय मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा पाडून दिलेली नाणीही आहेत, ती आणखी तिसरी जात.

तर समोरची चकती काय होती? तीन शक्यता होत्या. टांकसाळीतली खरी चाचणी. खोटी नाणी पाडणाऱ्यानं आपला ठसा तपासायला काढलेला नग, कारण तोही शिसंच वापरतो. किंवा १९५० च्या रुपयाची नक्कल करून साल बदललेलं.

समोरचे पर्याय

घरात तीन माणसं, तीन मतं. थोरल्यांना विकून मोकळं व्हायचं होतं. पुण्याच्या एका प्रदर्शनात भेटलेल्या व्यापाऱ्यानं चकतीचा फोटो बघून ४० हजार देऊ केले होते, जशी आहे तशी, पावती न करता. धाकट्यांना वाटत होतं, परदेशी प्रमाणन कंपनीकडं पाठवावी, ते प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देतात, मग दहापट भाव येतो. आत्यांचं म्हणणं एवढंच होतं की भाऊंनी काय लिहिलं होतं ते कळल्याशिवाय घराबाहेर जायला नको.

चौथा पर्याय फोनवर आला. नातवानं एका जाहिरातीवर नंबर टाकला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमच्या नाण्याचे २८ लाख मंजूर झालेत, आधी नोंदणी आणि जीएसटीचे साडेबारा हजार भरा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. थोरले पैसे भरायला निघालेच होते. यूपीआयचा पिन चुकला म्हणून वाचले. दुसऱ्यांदा टाकण्याआधी नातवानं मला फोन केला.

व्यापाऱ्याच्या ४० हजारांचा मात्र मी गंभीरपणे विचार केला. शिशाची चकती खोटी निघाली तर किंमत शून्य, आणि हातात आलेले ४० हजार हे ४० हजार असतात. पण पावती नको म्हणणारा व्यापारी धोका आपल्या अंगावर घेत नसतो, तो चकतीचा माग पुसतो. पुढं ती खरी ठरली तर ती कुठून आली, हे सांगणारा एकमेव दुवा म्हणजे हे घर. तो तुटला असता.

परदेशी पाठवण्याच्या मी विरोधात होतो. खर्च तर आहेच, पण ज्याच्या जोडीचा नगच कुणी पाहिलेला नाही अशा शिशाच्या तुकड्यावर ते ठाम मत देतील याची मला आशा नव्हती. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं असतं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते देशाबाहेर पाठवताच आलं नसतं. इथं तो अडसर नव्हता.

मालकीचा मुद्दा घरात कुणाच्या डोक्यात आला नव्हता. टांकसाळीच्या बाहेर कधी गेलंच नाही ते घरात आलं कसं? अमेरिकेत १९७४ चा सेंट ॲल्युमिनियमचा करायचं घाटत होतं. १५ लाखांवर नग पाडले, बेत फसला आणि बहुतेक वितळवले. डेन्व्हर टांकसाळीतला त्यातला एक नग तिथल्या एका माजी अधिकाऱ्याच्या मुलाकडं निघाला. २०१४ मध्ये लिलावाची तयारी झाली तेव्हा टांकसाळीनं हक्क सांगितला, आणि २०१६ मध्ये तो सरकारकडं परत गेला. उलट उदाहरण इंग्लंडचं. आठव्या एडवर्डच्या पितळी तीन पेनीचे काही नग नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या कारखानदारांना मापं जुळवायला दिले होते. राजानं १९३६ च्या डिसेंबरात गादी सोडली, नाणं निघालंच नाही, आणि दिलेले सगळे नग परत आले नाहीत. म्हणजे बाहेर आलेला प्रत्येक नग चोरीचा नसतो, पण कसा आला हे सांगता यावं लागतं. आमच्याकडं ते सांगणारा कागद गाळात गेला होता.

काय केलं

आधी विक्री थांबवली. तिघांनी एका कागदावर सह्या केल्या की सहा महिने चकती आत्यांकडं राहील आणि कुणी परस्पर दाखवणार नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि तो सुचला धाकट्यांच्या बायकोला.

मग मोजमाप. चकती १३.६ ग्रॅम, कडेचा घेर ओबडधोबड, ३० ते ३१ मिलिमीटर. माझ्याकडचा १९५० चा रुपया २८ मिलिमीटरचा. दोन्हींवरचं चित्र व्हर्नियर नावाच्या बारीक मापपट्टीनं मोजलं, एका कणसाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत. साचा करून शिसं ओतलं असतं तर थंड होताना ते आकसतं आणि चित्र थोडं लहान पडतं. इथं फरक निघाला नाही. शिवाय पृष्ठावर ओतकामाची बारीक छिद्रं नव्हती. "पोरांनी शिसं ओतून केलेलं" हे माझं मत इथंच खोटं पडलं. चकती ओतलेली नव्हती, ठशानं उठवलेली होती. आणि नाणं नुसतं शिशात दाबलं तर चित्र खोलगट आणि उलटं येतं. उठावाचं, सुलटं चित्र हवं तर ठसाच लागतो.

ओळखीच्या हॉलमार्क सेंटरमध्ये, जिथं सोन्याची शुद्धता तपासतात, एक्सआरएफ यंत्राखाली ठेवली. न कापता धातूत काय-काय आहे ते हे यंत्र सांगतं. तो मुलगा हसला, सोन्याच्या यंत्राखाली शिसं पहिल्यांदाच आलं म्हणाला. शिसं आणि थोडं कथील. यानं जुनं-नवं ठरत नाही, पण नोंदीला उपयोगी.

राहिलं साल. खोटेपणा करायचा तर १९५० चं १९४९ करायचं, म्हणजे ५ चा ४ आणि शून्याचा ९. शिशात हे सुईनं जमतं. म्हणून मुंबईच्या एका जाणकारांकडं आम्ही तिघं, मी, आत्या आणि नातू, चकती घेऊन गेलो. त्यांनी तासभर मायक्रोस्कोपखाली पाहिली. दोन्ही ९ एकाच हातचे, एकाच मापाचे. शेवटच्या ९ च्या बुडाशी शून्य खरवडल्याची खूण नाही. आता ४. मुळात ५ असेल तर वरची आडवी रेघ काढून टाकावी लागते, तिथली आकड्याभोवतीची सपाट जागा खरवडलेली दिसते. त्यांनी चकती फिरवली, दिवा तिरका केला, परत फिरवली. मग नातवाकडं पाहून विचारलं, "हा चरा कधीचा?"

चाकूचा चरा बरोबर ४ च्या डोक्यावरून गेला होता. जिथं पुरावा असायला हवा तिथं ताजं, चकचकीत शिसं होतं.

नातू काही बोलला नाही. मीही नाही. आत्या म्हणाल्या, "आमच्या घरातलाच आहे तो."

निष्पत्ती

जाणकारांनी एक पान लेखी दिलं. ठशावरून उठवलेला एकतर्फी नग, नाण्यावरून ओतलेली नक्कल नाही. १९४९ सालच्या चाचणीतला असणं शक्य. सालातला तिसरा आकडा इजेमुळं तपासता येत नाही, म्हणून निश्चित मत नाही. पानभर मजकूर, पण त्यात "आहे" आणि "नाही" दोन्ही नव्हतं.

व्यापाऱ्याला ते पान दाखवल्यावर त्याची बोली ४० वरून १५ हजारांवर आली. थोरल्यांनाच राग आला आणि विकायचा विषय त्यांनीच मिटवला.

चांदीच्या रुपयांची वाटणी नगावर होणार होती, ती मी थांबवली. जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी, १९४० ते ४५ च्या रुपयात ५.८. दिसायला दोन्ही सारखे, पण ज्याच्या वाट्याला सहाव्या जॉर्जचे नंतरचे रुपये गेले असते त्याला निम्मंच मिळालं असतं. सालं बघून वाटणी केली. पुरानंतर चिंच लावून घासलेले सहा रुपये मात्र आता फक्त चांदीच्या भावाचे उरलेत. त्यांवर बारीक रेघोट्यांचं जाळं दिसतं.

चकती न वाटता आत्यांकडं राहिली. लाकडी डबीत ठेवली होती, ती काढायला लावली. लाकडातल्या आम्ल वाफेनं शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि तशी ती कडेला धरू लागलीच होती. आता काचेच्या लहान बरणीत आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. पुढंमागं तिथल्या अभ्यासकांना दाखवायची, असं आत्यांच्या मनात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पुराच्या वेळचे कागद मी सोडून देतो. तो दोष कुणाचा नाही.

चिंचेनं घासणं टळलं असतं. घाण झालेलं नाणं साध्या पाण्यात भिजवून, न चोळता टिपून ठेवलं तरी पुरतं.

माझं उत्तर मात्र टळायलाच हवं होतं. फोटोत शिशाची चकती ओतलेली की ठोकलेली हे मला दिसत नव्हतं, तरी मी मत दिलं. साल वाचण्याइतका फोटो मोठासुद्धा केला नाही. तांब्याच्या रुपयाचा निकाल चुंबकानं इतका झटकन लावला की दुसऱ्याचाही तसाच लागेल असं वाटून गेलं. नातवानं चाकू चालवला तो माझ्या भरवशावर. शिसं ओळखायला चाकू लागतही नाही. मऊ शिसं कागदावर ओढलं की करडी रेघ उमटते, आणि तेही कडेच्या कोऱ्या भागानं करता येतं. हे त्याला लिहायला मला एक वाक्य पुरलं असतं.

पुडीचा माग आम्ही फार उशिरा काढला. मुंबईहून परतताना कराडच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा नातवाला पंचनाम्याचे फोटो आठवले. कुटुंबाच्या ग्रुपवर तीन सापडले. एकात बाजेवर ट्रंकेतलं सामान आहे, कोपऱ्यात ओल्या पुड्या, आणि एका पुडीवर पेन्सिलीची अक्षरं दिसतात. मोठं केलं की "शिसं" एवढं वाचता येतं, त्याच्या आधीचा शब्द "ट"नं किंवा "ठ"नं सुरू होतो. टांकसाळ, ठसा, की एखाद्या माणसाचं आडनाव? व्हॉट्सॲपनं फोटो दाबून लहान केलेला. मूळ फोटो ज्या फोनमध्ये होता तो नातवानं २०२० मध्ये नवा घेताना एक्स्चेंजमध्ये दिला, आठशे रुपयांना.

पंचनाम्याला जोडलेल्या छापील फोटोंची प्रत मिळावी म्हणून आत्यांनी अर्ज केला आहे.